सहावीच्या मुलांना वस्तुसंग्रहालय दाखवताना : सगळी दालने की मोजक्या वस्तू?

इतिहास शिक्षिका, ठाणे (पश्चिम)

नमस्कार. आमच्या शाळेतील सहावीच्या दोन तुकड्यांची शैक्षणिक सहल दिवाळीच्या सुट्टीनंतर मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नेण्याचा विचार चालू आहे. यंदा हडप्पा संस्कृती आणि मौर्य काळ हे दोन्ही विषय अभ्यासक्रमात असल्यामुळे निमित्त योग्य आहे. तथापि आधीच्या एका सहलीत (संग्रहालय वेगळे होते) मार्गदर्शकांनी दीड तासात झाडून सगळी दालने दाखवली, आणि परतीच्या बसमध्ये मुलांना विचारले तेव्हा बहुतेकांना केवळ तलवारी आठवत होत्या. या वेळी मार्गदर्शकांकडून नेमके काय मागावे आणि मुलांकडून आधी कोणती तयारी करून घ्यावी, याविषयी अनुभवी मंडळींनी कृपया सुचवावे.

स्वयंसेवक मार्गदर्शक, कोपरी

बाई, मी शालेय गटांना वस्तू दाखवण्याचे काम हौसेने करतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. मार्गदर्शकाला बहुतेक वेळा शाळेकडून फक्त इयत्ता आणि मुलांची संख्या एवढेच कळवले जाते. वर्गात कोणता पाठ झाला आहे, मुलांना लिपीविषयी काही ठाऊक आहे का, हे कोणीच सांगत नाही, आणि मग तो बिचारा सर्वांना चालेल असे पाठ केलेले भाषण म्हणून मोकळा होतो. आठवडाभर आधी एक पत्र पाठवून झालेले पाठ कळवा आणि पाचच वस्तू निवडून त्यांपुढे थांबण्याची विनंती करा. एका मार्गदर्शकामागे वीस-पंचवीसपेक्षा अधिक मुले नकोत, कारण मागच्या रांगेला काचेऐवजी पुढच्याची पाठच दिसते.

माझ्या निवडीत पहिला क्रमांक सोपाऱ्यात सापडलेल्या अशोकाच्या शिलालेखाच्या तुकड्याचा असेल. पाठ्यपुस्तकातला अशोक मुलांना पाटलीपुत्राचा, म्हणजे फार लांबचा वाटतो; त्याच्या राजाज्ञा जिथे कोरल्या गेल्या ते एक ठिकाण नालासोपाऱ्याला, वसईच्या खाडीपलीकडे आहे, हे ऐकल्यावर वर्गात चुळबुळ थांबते. (२०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत सोपारा आपल्याच ठाणे जिल्ह्यात होते.) सोपारा हे त्या काळी मोठे बंदर होते, त्यामुळे राजाने आपले म्हणणे नेमके तिथे का कोरवून घेतले असावे, हा प्रश्न मुलांनाच विचारता येतो, आणि बाजारपेठ, जहाजे, परदेशी व्यापारी अशी उत्तरे ती स्वतःहून देतात.

मात्र हे सगळे सांगण्याआधी दोन मिनिटे कोणीही बोलू नये. मुलांना दगडासमोर खाली बसवावे आणि केवळ डोळ्यांनी उत्तर देता येईल असे प्रश्न द्यावेत : दगड कोणत्या बाजूने फुटला आहे, ओळी सरळ आहेत का, एकच अक्षर किती वेळा आले आहे? भाषा प्राकृत आणि लिपी ब्राह्मी, ही माहिती त्यानंतर द्यावी. वर्गात आदल्या दिवशी ब्राह्मीतील चार-पाच अक्षरे फळ्यावर गिरवून घेतलीत, तर त्यांतले एखादे दगडावर सापडते का हे पाहण्यासाठी मुले रेटारेटी करतील, याची मात्र तयारी ठेवा.

हडप्पाच्या वस्तूंपुढेही हीच पद्धत चालते. एका तुकडीचे गट वेगवेगळ्या दालनांतून सुरू करावेत, म्हणजे एकाच काचेपुढे गर्दी होत नाही.

निवृत्त मुख्याध्यापक, नौपाडा

वरील सूचना उत्तम आहेत, परंतु पाचच वस्तू दाखवण्याच्या आग्रहाशी मी पूर्णपणे सहमत नाही. आमच्या शाळांतील कित्येक मुलांच्या वाट्याला बालपणात संग्रहालयाची ही एकच भेट येते. १९२२ पासून लोकांसाठी खुल्या असलेल्या त्या भव्य इमारतीत नेऊन त्यांना पाच वस्तूंपुढे जखडून ठेवणे मला पटत नाही. मार्गदर्शन संपल्यानंतर किमान अर्धा तास मुलांना शिक्षकांच्या नजरेच्या टप्प्यात मनाप्रमाणे हिंडू द्यावे. कोणाला भुसा भरलेले प्राणी आवडतील, कोणाला चिलखत. तलवारी आठवल्या म्हणून वाईट वाटण्याचेही काही कारण नाही.

दुसरे म्हणजे, कार्यपत्रिका देणारच असाल तर तीत रिकाम्या जागा भरण्याचे प्रश्न ठेवू नका. मुले वस्तूकडे पाठ करून खालची पाटी उतरवून घेतात आणि मग एकमेकांची वही. एक रेखाटन आणि स्वतःला पडलेला एक प्रश्न एवढे पुरे; शाळेच्या अहवालालाही तेच उपयोगी पडते.

पालक-शिक्षक संघ सदस्य, नेरूळ

विषय फोर्टमधील संग्रहालयाचा आहे, तरी एक पर्याय सुचवतो. भायखळ्याचे डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ मध्ये सुरू झालेले, आकाराने लहान, त्यामुळे शालेय गटासाठी आटोपशीर आहे; मुंबईतले व्यवसाय आणि पेहराव दाखवणाऱ्या मातीच्या प्रतिकृतींपुढे मुले आपणहून रेंगाळतात. बाहेर उभा असलेला दगडी हत्ती घारापुरीचा आहे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना साखळी तुटून खाली पडला आणि त्याचे तुकडे झाले. ते १९१४ मध्ये पुन्हा जोडण्यात आले. उरणच्या मोरा बंदरावरून घारापुरीला होड्या जातात, त्यामुळे नवी मुंबईतल्या मुलांना हा हत्ती परका वाटत नाही. वस्तू मूळ जागीच असावी की संग्रहालयात, यावर आमच्या सातवीच्या मुलांनी तिथेच हिरिरीने वाद घातला, आणि उघड्यावर असल्यामुळे कोणी त्यांना गप्प बसवले नाही.

इतिहास शिक्षिका, ठाणे (पश्चिम)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सोपाऱ्याचा शिलालेख नक्की केला असून ब्राह्मी अक्षरांचा तास सहलीच्या आदल्या दिवशी ठेवते आहे. मुख्याध्यापक सरांची मोकळ्या अर्ध्या तासाची सूचनाही वेळापत्रकात घेतली आहे. पाचवीच्या शिक्षकांना भायखळ्याचा पर्याय आवडला आहे, परंतु मुलांनी राणीच्या बागेतील पेंग्विनचा हट्ट धरला आहे. दोन्ही एकाच दिवशी जमेल का?

पालक-शिक्षक संघ सदस्य, नेरूळ

जमते, मात्र संग्रहालय आधी आणि पेंग्विन नंतर, हा क्रम बदलू नये; उलट केल्यास मुलांचे लक्ष संग्रहालयात राहत नाही. डबे दोन्हींच्या मध्ये खायला द्यावेत. बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात, तेव्हा बस ठरवण्यापूर्वी वार पाहून घ्यावा.