परभणीतला सोसायटी ग्रुप: मुस्तफा, कॉन्ट्रा आणि दुपारची लाईट

देशमुख काका (सेक्रेटरी): उद्या टँकर सकाळी ७ ला येईल. बी विंगनं मोटर चालू ठेवून झोपू नये, ही नम्र विनंती. टाकी भरून पाणी पार्किंगमध्ये वाहतं आणि मग सगळे मलाच विचारतात.

गजानन सर (बी-२०४): हो काका, लक्ष ठेवतो. मला ग्रुपवर एक विचारायचं होतं. सुट्ट्या लागल्यात, ११ नंतर बाहेर पाय ठेवायची सोय नाही. म्हणून या उन्हाळ्यात जुने व्हिडिओ गेम संपवायला काढलेत. लहानपणी जे अर्धवट राहिले तेवढेच. कुणाच्या माळ्यावर कॅसेटची मशीन, रिमोट, बंदूक असं काही पडून असेल तर उसनं द्या. शाळा उघडायच्या आत परत करतो.

कुलकर्णी काकू (ए-३०३): सर, तुम्ही??

सोनवणे वहिनी (ए-१०२): आता पोरांना मी कोणत्या तोंडानं सांगू मोबाईल ठेवा म्हणून 🙏

ओंकार (बी-४०२): सर लिस्ट टाका ना

गजानन सर: टाकतो. मारिओ, ८-४ चा किल्ला बघायचाय, ३२ लेव्हलमधली शेवटची. कॉन्ट्रा, आठही स्टेज. टँकवाला म्हणजे बॅटल सिटी, त्याच्या ३५ स्टेज आहेत. अ‍ॅडव्हेंचर आयलंड, तो कुऱ्हाड फेकणारा टोपीवाला. कॉम्प्युटरवरचे दोनच, प्रिन्स ऑफ पर्शिया आणि डेव्ह. पीएस-टू म्हणजे प्लेस्टेशनच्या सीड्यांचा ढीग वेगळा आहे, त्याला हात लावला तर दिवाळी उजाडेल. असा एकूण अनुशेष.

देशमुख काका: मराठवाड्याच्या सिंचनाचा अनुशेष भरायचा राहिला, तोवर सर गेमचा भरायलेत. चालू द्या.

ओंकार: सर मशीन कशाला शोधता, लॅपटॉपवर रेट्रोआर्क टाकून देतो, जुने गेम चालवायचं सॉफ्टवेअर. त्यात सेव्ह स्टेट असतं, म्हणजे खेळ हवा तिथं साठवून ठेवता येतो. मेलात की एक बटण दाबायचं, दोन सेकंद मागं. चार दिवसांत लिस्ट खल्लास.

गजानन सर: मग मजा काय राहिली? मेल्यावर दोन सेकंद मागं गेलं तर तो गेम संपवला असं मी तरी म्हणणार नाही.

ओंकार: सर ते गेम मुद्दाम अवघड केलेत. आजच्या माणसाला एवढा वेळ आहे का

शेख चाचा (सी-३०१): ओंकार बेटा, मुद्दाम म्हणजे कशासाठी ते मी सांगतो. स्टेशन रोडला माझं व्हिडिओ गेमचं दुकान होतं, तू जन्मला पण नव्हतास. कॉइन एक रुपयाचा. गिऱ्हाईक एका रुपयात अर्धा तास उभं राहिलं तर दुकानाचं भाडं कुठून निघणार? म्हणून ते गेमच असे बनवायचे की दोन-तीन मिनिटांत नवं पोरगं मेलं पाहिजे. पण असं मेलं पाहिजे की त्याला वाटावं, थोडक्यात राहिलं, अजून एक कॉइन टाकू. कंपनीचं सगळं डोकं त्यातच. अवघड-सोपं करायची सेटिंग मशीनमध्येच असायची. परीक्षा संपल्या की मी एक पायरी वर करायचो, खोटं कशाला बोलू.

कुलकर्णी काकू: अरे देवा. आमच्या चिरंजीवाचा खाऊचा पैसा तुमच्याकडं जात होता तर.

शेख चाचा: काकू, अर्ध्या परभणीचा येत होता. सगळ्यात जास्त मुस्तफावर. तीन पोरं एका मशीनला चिकटून, मागं दहा उभी. पिवळ्या टोपीवाला मुस्तफा कुणी घ्यायचा यावर भांडण ठरलेलं.

ओंकार: चाचा त्याचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. कॅपकॉम कंपनीचा, १९९३. मुस्तफा कैरो हे त्यातल्या एका हिरोचं नाव. जॅक, हॅना, मेस हे बाकीचे तिघे.

शेख चाचा: बोर्डावर काय लिहिलं होतं ते कोण वाचत होतं? मुस्तफा म्हणजे मुस्तफा. माझ्या दुकानात हॅना कुणी घेतलीच नाही, शेवटी जागा उरली की लहान भावाला द्यायचे.

ओंकार: आणि तो आर्केडचा, म्हणजे दुकानातल्या कॉइन मशीनचा गेम घरच्या मशीनवर कधी आलाच नाही. म्हणजे तुमच्याकडं कॉइन टाकल्याशिवाय पर्यायच नव्हता

शेख चाचा: अल्लाची मेहेरबानी.

सोनवणे वहिनी: पार्किंगमध्ये २१ नंबरची पांढरी गाडी कुणाची आहे? माझी स्कूटी निघंना.

गजानन सर: चाचांनी माझाच मुद्दा मांडला बघा. आर्केडचं जाऊ द्या, तिथं पैसा होता. पण घरच्या कॅसेटलाही तीच सवय लागली होती. मारिओचा अख्खा गेम ४० केबीचा. या ग्रुपवर सकाळी फुलांचा फोटो येतो तो त्याहून मोठा असतो. एवढ्याशा जागेत गेम लांबवायचा तर एकच उपाय, मरा आणि पहिल्यापासून या. त्यामुळं हात बसायचा. कॉन्ट्राची तिसरी स्टेज आठवा, धबधबा. दोघं खेळताना वरचा उड्या मारत पुढं गेला की स्क्रीन वर सरकते आणि खालचा फुकट मरतो. ते दोघांनी बोलून, थांबून, एकाच लयीत चढायचं असतं. भावाशी भांडून भांडून जमायचं ते. सेव्ह स्टेटनं तिथं पोचाल, पण ते चढणं येणार नाही.

ओंकार: आणि कॉन्ट्रातला ३० लाईफचा कोड? वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. तो चालतो का तुमच्या नियमात 😏

गजानन सर: तो चालतो. तो कंपनीनंच ठेवलाय. मुळात १९८६ च्या ग्रेडियस या गेमसाठी काझुहिसा हाशिमोतो नावाच्या प्रोग्रामरनं टाकला होता, कारण तपासताना त्याला स्वतःलाच तो गेम झेपत नव्हता.

ओंकार: म्हणजे बनवणाऱ्यानं केलं तर कोड, मी केलं तर चीटिंग. वा सर

कुलकर्णी काकू: ओंकारचं बरोबर आहे हं.

देशमुख काका: पांढरी गाडी माझ्या पाहुण्यांची आहे. काढायला सांगतो. क्षमस्व वहिनी.

कुलकर्णी काकू: सर, माळ्यावर बघितलं. मशीन आहे! सोबत पिवळी कॅसेट, वर ९९९९९९९ इन वन लिहिलंय. तेव्हा दुकानदार म्हणाला होता, बाई आता जन्मभर दुसरी कॅसेट घ्यायला नको.

ओंकार: काकू त्यात खरे गेम अगदी मोजके असतात. तेच पुन्हा पुन्हा यादीत, फक्त सुरुवातीची लेव्हल बदललेली

कुलकर्णी काकू: तेच म्हटलं, पोरगा रोज टँकच कसा खेळतो.

गजानन सर: काकू संध्याकाळी येतो न्यायला. तोवर कुणी कॅसेटमध्ये फुंकू नका. आपण सगळे फुंकायचो, पण चालू व्हायची ती काढून पुन्हा बसवल्यामुळं. फुंकीतल्या ओलाव्यानं आतल्या धातूच्या पट्ट्या काळ्या पडतात. कानातल्या काडीला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसायचं.

शेख चाचा: आणि सर, ॲडॉप्टर घरात दिसेल तो लावू नका. व्होल्टेज आणि पिनचं प्लस-मायनस मशीनच्या खाली छापलेलं असतं, ते जुळवा. उलटा लागला तर धूर.

ओंकार: सर तोवर मी मारिओ लॅपटॉपवर लावून दिलाय ना, कसा वाटला

गजानन सर: आत्ताच खेळलो. खरं सांगू का, मारिओ जास्तच जोरात पळायलाय. मला वाटलं आता वय झालं, बोटं साथ देईनात.

ओंकार: वय नाही सर. जपान-अमेरिकेत टीव्ही सेकंदाला ६० वेळा चित्र काढायचा, आपल्याकडं पॅल सिस्टीम, ५० वेळा. मारिओसारख्या गेमचं घड्याळ त्या चित्रांवरच चालतं. आपल्याकडच्या बऱ्याच नकली मशिनी ५० वर चालायच्या, म्हणजे अख्खं बालपण तुम्ही सहापैकी पाच भाग वेगानं खेळलात. लॅपटॉपवर तोच गेम मूळ ६० वर पळतोय

गजानन सर: मायला. म्हणजे गाणंसुद्धा संथ ऐकलं आपण?

ओंकार: हो. सेटिंगमध्ये ५० करून देऊ का

गजानन सर: दे. मला आठवतो तोच मारिओ पाहिजे.

सोनवणे वहिनी: सर एक विचारू? माझे दोघं, आठ आणि अकरा. मोबाईलवर त्यांचं जे चालतं ते संपतच नाही. जेवायला हाक मारली की "मम्मी मॅच चालूय". यातलं काही देण्यासारखं आहे का? गोळ्या-बिळ्या कमी असलेलं.

गजानन सर: वहिनी, बॅटल सिटी द्या. गोळ्या आहेत पण टँकच्या, रक्त-बिक्त नाही. दोघांनी मिळून आपला गरुड, म्हणजे आपला तळ वाचवायचा. एकानं चुकून दुसऱ्याला गोळी मारली तर तो मरत नाही, थोडा वेळ जागेवर गोठतो. भांडण होतं, पण दोन मिनिटांत मिटतं. शिवाय स्वतःचा नकाशा बनवायची सोय आहे, विटा, पाणी, झाडी कुठं ठेवायची ते पोरं ठरवतात. १९८५ च्या गेममध्ये ही सोय होती! आणि स्टेज संपली की थांबता येतं. तुम्ही स्टेजवर सौदा करा, वेळेवर करू नका. "तीन स्टेज आणि जेवायला" म्हटलं की मानतात.

सोनवणे वहिनी: बघते करून.

ओंकार: मारिओ पण द्या. १-२ मध्ये शेवटी छतावरून चालत पाईपच्या पुढं गेलं की वार्प झोन, थेट चौथ्या वर्ल्डमध्ये. मग ४-२ मधून आठव्यात. ३२ पैकी आठच लेव्हल खेळून गेम संपतो. जगातले पट्टीचे लोक पाच मिनिटांच्या आत संपवतात

गजानन सर: पोराला आधीच सांगू नको रे. छतावर चढता येतं हे त्याचं त्याला कळू दे, तो दिवस वाया घालवू नको. तर काय सांगत होतो, मी सातव्या स्टेजला पोचलोय कॉन्ट्राच्या, लाईफ दोनच आहेत पण हातात एस गन आहे, पसरून गोळ्या मारणारी, आता फक्त तेवढा

सोनवणे वहिनी: लाईट गेली का सगळ्यांची?

देशमुख काका: हो, तिन्ही विंगची. फोन केलाय. दुरुस्तीचं काम आहे म्हणतात, तासभर लागेल.

कुलकर्णी काकू: ४३ डिग्रीत तासभर. कुलरसमोर बसले होते मी.

ओंकार: सर???

ओंकार: सर कॉन्ट्राचं काय झालं

गजानन सर: लॅपटॉपची बॅटरी कधीच गेलीय, वायरवरच चालतो.

शेख चाचा: या अल्ला 😂 एस गन पण गेली

ओंकार: आता बोला सेव्ह स्टेटवर

गजानन सर: बोलतो, थांब. हे बघ, झेल्डा नावाच्या गेमच्या अमेरिकेतल्या कॅसेटमध्ये १९८७ लाच आत बॅटरी होती, खेळ जिथं सोडला तिथली नोंद राहायची. म्हणजे खेळ ठेवून उठणं कंपनीलाही मान्य होतं. कॉन्ट्रात ती सोय नाही, आणि जपानमध्ये आपल्यासारखी दुपारी लाईट जात नसावी. म्हणून नियम असा: उठताना सेव्ह करायचं, बसल्यावर तिथून सुरू. पण मेल्यावर मागं जायचं नाही. मेलो तर मेलो.

ओंकार: आणि बॉसच्या, म्हणजे स्टेजच्या शेवटच्या मोठ्या शत्रूच्या दारात सेव्ह करून "उठलो" म्हणालात तर?

गजानन सर: तर तू आहेसच की ग्रुपवर. स्टेज संपल्यावरच सेव्ह, मधे नाही. लाईट गेली तर ती स्टेज पहिल्यापासून.

कुलकर्णी काकू: हे बरं आहे. स्वैपाकाचं पण असंच असतं, गॅस संपला तर तेवढी भाजी पुन्हा.

ओंकार: मान्य. प्रिन्सला पण हेच? तिथं ६० मिनिटांचं घड्याळ आहे, पूर्ण गेमला

गजानन सर: प्रिन्सला गेममध्येच सेव्ह आहे, तिसऱ्या लेव्हलपासून कंट्रोल-जी. घड्याळ पण तिथूनच पुढं चालतं, त्यामुळं फसवाफसवी नाही. माझ्या मते या यादीतला सगळ्यात सुंदर गेम तोच. जॉर्डन मेकनरनं धाकट्या भावाला पळायला, उड्या मारायला लावून त्याचं शूटिंग केलं आणि त्यावरून एकेक चित्र काढलं. म्हणून तो प्रिन्स कड्याला लोंबकळताना खरा माणूस वाटतो. शाळेच्या लॅबमध्ये आम्ही काट्यांवर पडायचो तेव्हा अख्खी रांग "आई गं" म्हणायची. तो मी घाईनं खेळणार नाही.

शेख चाचा: सर, तुम्ही बंदूक मागितली होती ना सकाळी. बदकवाल्या गेमची एक आहे माझ्याकडं.

ओंकार: चाचा बंदूक चालणार नाही. सरांकडं एलईडी टीव्ही आहे

सोनवणे वहिनी: का बरं? बंदूक ती बंदूक.

ओंकार: वहिनी बंदुकीतून काही निघत नाही, तिच्या नळीत उजेड बघणारा डोळा असतो. ट्रिगर दाबलं की स्क्रीन क्षणभर काळी होते आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो. आधी काळं, मग पांढरं दिसलं तरच नेम लागला. काळं आधी तपासतात म्हणजे कुणी बल्बकडं बंदूक धरून फसवू नये. जुन्या डब्बा टीव्हीवर चित्र लगेच उमटतं. एलईडी आधी चित्र साठवून मग दाखवतो, तोवर बंदुकीची बघायची वेळ निघून गेलेली असते. मग कितीही मारा, नेम चुकला की हसणारा तो गेममधला कुत्रा हसतच राहणार

कुलकर्णी काकू: तो कुत्रा!! माझा पोरगा टीव्हीला चप्पल मारायचा. आणि त्याला अजून माहीत नाही, एका बदकाच्या गेममध्ये दुसऱ्या रिमोटनं बदक वळवता येतं. मी मागं बसून भाजी निवडता निवडता वळवायचे.

गजानन सर: काकू!!

कुलकर्णी काकू: अभ्यासाला बसावा म्हणून. त्याला कुणी सांगू नका, तो या ग्रुपवर नाही.

देशमुख काका: लाईट आली. कृपया सगळ्यांनी एकदम एसी लावू नये.

शेख चाचा: सर, डब्बा टीव्ही पण आहे. दुकानातला शेवटचा, २१ इंची, चालू आहे. भंगारवाला सोमवारी येणार होता, त्याला नको म्हणून सांगतो. पण दोघं या उचलायला, मागचा भाग लई जड आहे. आणि मागचं झाकण उघडायचं नाही, बंद असला तरी आत करंट साठलेला असतो.

गजानन सर: ओंकार, ६ वाजता सी विंग.

ओंकार: लिफ्ट चालू आहे का आधी विचारा

देशमुख काका: सी विंगची लिफ्ट बंद आहे. मेकॅनिक उद्या.