ठासणीची .५०: दोन गोळ्या एकत्र, तिसरी भरकटते

नळी_गरम
इनलाइन ठासणीची बंदूक (दारू-गोळी तोंडातून भरायची, ठिणगी सरळ दारूच्या मागून), .५० कॅलिबर म्हणजे अर्ध्या इंचाची नळी, पीळ १:२८ म्हणजे २८ इंचांत एक वेढा. गोळी .४५२ इंचाची, २५० ग्रेन वजनाची, काळ्या सॅबोत (गोळीभोवतीचं प्लास्टिकचं पाकळ्यांचं आवरण). ट्रिपल सेव्हन ही काळ्या दारूऐवजी वापरायची सुटी दारू, मापाने (आकारमानाने, वजनाने नव्हे) १०० ग्रेन. १०० यार्डांवर दोन गोळ्या दीड इंचात बसतात, तिसरी चार-पाच इंच कुठेही. तिसऱ्या वेळी गोळी आत ढकलायचा गज दाबायला जोरही जास्त लागतो. काय बदलू: गोळी, सॅबो की दारू?

गजधर
तूर्त काहीच नको. जोर जास्त लागतो म्हणता, दुखणं तिथेच आहे. ट्रिपल सेव्हन जळली की दारूच्या जागेच्या किंचित पुढे नळीत टणक कडं धरतं आणि सॅबो त्यात अडकतो. नेम राहू द्या, गोळी आणि दारूत पोकळी राहिली तर नळी फुटू शकते. पहिली गोळी पूर्ण बसली की नळीच्या तोंडाशी गजावर खूण करा. दर वेळी ती जुळलीच पाहिजे. प्रत्येक बारानंतर एक जेमतेम ओलसर चिंधी, मग एक कोरडी. चिंधी निथळती असली तर पाणी ब्रीच प्लगच्या (नळीच्या मागच्या बुचाच्या) भोकात उतरतं आणि पुढचा बार उशिरा पेटतो.

पाकळी
शिवाय उडालेले सॅबो पुढच्या गवतात शोधून बघा. पाकळ्या सारख्या उलटलेल्या आणि बूड शाबूत असेल तर जोडी जुळली. पाकळी तुटली असेल तर सॅबो फार घट्ट आहे किंवा तापलेल्या नळीत प्लास्टिक मऊ पडलंय. नळी हाताला गार लागेपर्यंत थांबायचं. बूड जळालं असेल तर दारू कमी करा, नाहीतर खाली लोकरी वॅड (चकती) घाला.
माप ८० पासून ५-५ ने चढवा, प्रत्येक मापाला तीन गोळ्या, बाकी सगळं तेच. बंदुकीच्या पुस्तिकेतली कमाल ओलांडू नका. १०० चा आकडा सवयीने धरला जातो, त्यात जादू काही नाही.

गजधर
वॅड इथे नको! ट्रिपल सेव्हनवर गोळी थेट बसवायची. मध्ये वॅड किंवा भर घातली तर दाब धोकादायक वाढू शकतो. ही दारू मुळात काळ्या दारूपेक्षा साधारण १५% जोरकस. बूड जळतंय तर माप उतरवा किंवा जाड बुडाचा सॅबो घ्या.

नळी_गरम
समजलं. ब्लॅकहॉर्न २०९ या दुसऱ्या दारूवर गेलो तर कडं टळेल का?

पाकळी
वॅडचं मान्य. हो, कडं टळेल, चिंधीविना बरेच बार निघतात. पण तिला शॉटगनचा पुऱ्या ताकदीचा २०९ प्राइमर (दारू पेटवणारी टोपी) लागतो, ठासणीसाठीचे मवाळ प्राइमर पुरत नाहीत. सॅबोही सैल चालत नाही, कारण दाब धरला नाही तर ती नीट पेटत नाही. मापाने १०० म्हणजे तराजूवर सुमारे ७० ग्रेन. तराजूवर १०० भरलेत तर मापाने १२० ची कमाल कधीच ओलांडली. साफसफाईला पाणी नको, पेट्रोलियमचं सॉल्व्हंट घ्या. आणि पुढची जोडी जुळली की शिकारीला नळी ज्या अवस्थेत नेणार, तेल पुसून कोरडी किंवा एक बार झालेली, त्याच अवस्थेतल्या पहिल्या गोळीवर झिरो लावा, म्हणजे नेम जुळवा.