फादर बाखर यांच्या स्मृतिदिनी श्रमदान: बंधारा की चर?

शिवारफेरी
नमस्कार मंडळी. सप्टेंबरात फादर हर्मन बाखर यांच्या स्मृतिदिनाला हार-भाषणं न करता सकाळी ३ तास श्रमदान करायचं घाटतंय. माणसं साधारण ६०. एक गट म्हणतो, ओढ्यावर सिमेंट बंधारा बांधू आणि त्यांच्या नावाची पाटी लावू. दुसऱ्याला माथ्यावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले लांब खड्डे हवेत. एक दिवस जेसीबी फुकट मिळतोय. पोरांना बाखर कोण हे सांगायचंय, तेही थोडक्यात सांगा.

पाणकळा
पोरांना एवढं सांगा: स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरू, जन्म १९२४, भारतात आले १९४८ साली आणि आयुष्य घातलं नगर जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाची, म्हणजे डोंगरापासून ओढ्यापर्यंत माती-पाणी अडवायच्या कामाची कल्पना त्यांची, १९८९ ची. पैसा जर्मन सरकारचा, अंमलबजावणीत नाबार्ड ही शेती-ग्रामविकासाची बँक, आणि गावांना तयार करायला १९९३ मध्ये 'वॉटर' ही संस्था. २०२१ च्या सप्टेंबरात ते गेले. संगमनेर तालुक्यातलं, असं काम झालेलं दरेवाडी गाव जवळ असेल तर पोरांना तिथेच घेऊन जा, भाषणापेक्षा ते बरं.

आता बंधारा. माथा उघडा ठेवून ओढ्यात आधी भिंत घातली की डोंगरावरची माती दोन-तीन पावसाळ्यांत तिच्या पोटात भरते. मग पाटी दिसते, पाणी दिसत नाही. क्रम माथा ते पायथा: आधी डोंगरावर चर, मग घळींत अनगड दगडी बांध (न घडवलेले दगड नुसते रचून केलेले), शेतात बांधबंदिस्ती, ओढ्यातलं काम सगळ्यांत शेवटी.

ओळंबा
चराचं गणित असं. रुंदी ६० सेंमी, खोली ३० सेंमी धरली तर एका मीटरला ०.१८ घनमीटर, म्हणजे १८० लिटर. दोन ओळींत १० मीटर अंतर ठेवलं तर हेक्टरी १००० मीटर चर बसतो आणि एका भरण्यात १ लाख ८० हजार लिटर पाणी अडतं. मुरुमात ३ तासांत माणशी ३ मीटर झाले तरी पुष्कळ. म्हणजे ६० माणसांत १८० मीटर धरा. हेक्टरभराची स्वप्नं पहिल्याच दिवशी नकोत.

आखणी आदल्या दिवशी उरका. त्याला हायड्रोमार्कर लागतो: आकडे लिहिलेल्या दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणारी पाण्याची पारदर्शक नळी. नळीत बुडबुडा राहिला तर सगळी रेघ चुकते, म्हणून नळी बादलीतून ओढून भरा, मग दोन्ही पट्ट्या शेजारी उभ्या करून पाणी एका आकड्यावर येतंय ना ते बघा. पुढच्या पट्टीवर पाण्याचा आकडा जास्त आला तर ती जागा खोलगट आहे, पट्टी चढाच्या बाजूला सरकवा. चालताना नळीवर कुणाचा पाय पडू देऊ नका. रेघेवर फक्की (पांढरी पूड) टाकून मगच कुदळ लावा.

माती चराच्या खालच्या अंगाला टाकायची, आणि चराच्या काठापासून ३० सेंमी सोडून. काठालाच ढीग लावला तर पहिल्या जोरदार पावसात ती माती परत चरात. दर १० मीटरवर न खणलेला आडवा अडसर ठेवा. आखणी बोटभर चुकली तरी सगळं पाणी एका टोकाला धावत नाही. तो अडसर विसरला की चर एका जागी फुटतो आणि खाली नवीन घळ पडते.

शिवारफेरी
ओळंबा, जेसीबीचं काय करू मग?

ओळंबा
डोंगरउतारावर नको. चालक सरळ रेषेत ओढतो, समपातळीची रेघ वळणं घेत जाते. तिथे एक फूट चुकला तर चराचा पाट होतो. तो दिवस जुन्या तळ्यातला गाळ काढायला वापरा.

गवताळ
मातीच्या ढिगावर गवत लागलं नाही तर दोन वर्षांत ढीग सपाट. त्यासाठी स्टायलो हे चाऱ्याचं पीक चांगलं, पण त्याच्या बियांचं कवच टणक असतं. ८० अंशांच्या पाण्यात ४-५ मिनिटं ठेवून लगेच गार पाण्यात रात्रभर भिजवा, वाळूत मिसळून फोका. पण हे जूनचं काम, सप्टेंबरात फोकलं तर वाया. तेव्हा आता चर, बी पुढच्या मृगाला.

दुसरं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी ठरल्याशिवाय चर खणू नका. बाखर यांच्या इंडो-जर्मन कार्यक्रमात या अटी आधी असत. अकुशल मजुरीच्या १६ टक्के रकमेइतकं श्रमदानही गावानं करायचं. बंदी सगळ्या डोंगरावर एकदम लावली तर शेळ्या घेऊन फिरणारी माणसं पहिल्याच आठवड्यात विरोधात जातात, आणि त्यांचं चूक नाही. एक भाग बंद, एक खुला, असं आळीपाळीनं करा. बंद भागातलं गवत कापून नेऊ द्या, जनावर आत नको.

पाणकळा
त्या ग्रामसभेला बायकांना बोलवा, नुसतं सहीपुरतं नको. गट नंबरनिहाय आखणीला नवराबायको दोघं शेतावर हजर असावेत, कारण सरपण, चारा, पाणी कुठून येतं ते तिलाच ठाऊक असतं. पाटी लावायचीच असेल तर बंदी घातलेल्या भागाच्या वाटेवर लावा, आणि तिच्यावर बंदी कधीपासून कधीपर्यंत तेही लिहा.