माल बाबांच्या शब्दावर येतो, मग धंदा माझा कसा?

प्रश्न (कोपरखैरणे)
टीवाय बीकॉमला आहे. बाबा वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटमध्ये माथाडी. दिवाळीनंतर मी सोललेला लसूण द्यायला लागले; दोन खानावळी आणि एक चायनीजची गाडी. रात्री पाकळ्या कोमट पाण्यात टाकायच्या, पहाटे आई आणि मी सोलायच्या. १० किलोचे साडेआठच भरतात. ही घट पहिल्या महिन्यात मी धरलीच नव्हती. बोटं इतकी चुरचुरतात की लेक्चरला पेन धरवत नाही. पण पैसे सुटतात.

माल मात्र बाबांच्या ओळखीवर उधार येतो, पैसे आईच्या खात्यात जातात. तिसरी खानावळ घेऊ का विचारलं, तर बाबा म्हणाले, "परीक्षा होऊ दे." मी गप्प बसले. त्यांना माथाडी बोर्डाचा पगार आणि फंड कळतो, त्यात त्यांची चूक नाही. पण कॉलेजात उद्योजकतेच्या तासाला "स्वतःचे मालक व्हा" म्हणतात, तेव्हा मला रडू येतं. घरच्यांना न दुखावता निर्णय आपल्या हातात कसा घ्यायचा?

उत्तर १ (ऐरोली)
बाळा, आधी स्वतःचं खातं काढ. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आधारवर ऑनलाइन आणि फुकट होते, एजंटला पैसे देऊ नकोस. खाण्याचा माल आहे, एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणीही करून घे. मी मसाले करते. दोन वर्षं बिलं नवऱ्याच्या नावाने फाडली आणि कर्जाला गेले तेव्हा माझ्या नावाचा एक कागद निघेना. मुद्रा योजनेतलं शिशू कर्ज ५०,००० रुपयांपर्यंत तारणाशिवाय मिळतं, पण धंदा कुणाचा हे बँक विचारणारच.

उत्तर २ (ठाणे, वागळे इस्टेट)
मी घरी न सांगता टी-शर्ट छपाई सुरू केली. एका ऑर्डरचा रंग धुण्यात गेला, सगळा माल परत आला आणि शेवटी पैसे बाबांनीच भरले. तुझ्या बाबांचा शब्द ही तुझी पत आहे, ती तोडू नकोस. अर्धा माल रोखीने घ्यायला लाग. रोख दिलीस की भाव तूच करशील.

प्रश्नकर्ती
ताई, दादा, काल हिशेबाची वही बाबांपुढे ठेवली. उभ्याउभ्याच वाचली त्यांनी. म्हणाले, "घट लिहिलीस, बारदानाचं वजन कुठंय?" खरंच, गोणीचं वजन मी वजा केलंच नव्हतं. शनिवारी दोघं गाळ्यावर जातोय. एक गोणी रोखीने, माझ्या पैशांची. भाव मी करणार, बाबा बाजूला उभे राहणार आहेत.