मदत हवी आहे : विहिरीच्या पाण्यातलं क्रोमियम-३ आणि क्रोमियम-६, अझाइड न वापरता

पवनीकडचा : भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या पवनी भागात क्रोमाईट (क्रोमियमचं खनिज) सापडतं, म्हणून ज्युनियर कॉलेजात विहिरींचं पाणी तपासायचंय. कलरीमीटर १ सेंमी क्युव्हेटचा, डायफिनाइलकार्बाझाइड (क्रोमियम-६ बरोबर गुलाबी रंग देणारं, क्रोमियम-३ बरोबर न देणारं रसायन) आहे. एकूण क्रोमियमला (३ आणि ६ मिळून) पुस्तकात ३ चं ६ करायला परमँगनेट आणि मग उरलेलं परमँगनेट घालवायला सोडियम अझाइड सांगितलंय. ते विष पोरांच्या हाती कसं द्यावं? आणि ५ मिली नमुन्यात भागेल का?

नेसलर५० : ५ मिलीत नाही भागत भाऊ. आयएस १०५०० (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) ची मर्यादा ०.०५ मिग्रॅ/लिटर. तेवढ्यावर १ सेंमीत ५४० नॅनोमीटरला ॲबसॉर्बन्स (प्रकाश किती शोषला गेला ते) जेमतेम ०.०४. मोबाईलच्या फोटोतही ते हरवतं. ५० मिलीची नेसलर नळी (सपाट बुडाची उंच काचनळी) पांढऱ्या कागदावर ठेवून वरून पाहा, गुलाबी स्पष्ट दिसतो. वीजही लागत नाही.

१४१ मिग्रॅ पोटॅशियम डायक्रोमेट १०० मिलीत, त्यातलं १ मिली पुन्हा १०० मिलीत. याचे ०, ०.२५, ०.५, १ मिली ५० मिलीपर्यंत नेले की ०.०२५ ते ०.१ मिग्रॅ/लिटरची रांग तयार. प्रत्येक नळीत १:१ गंधकाम्ल ०.३ मिली, फॉस्फोरिक आम्लाचे ५ थेंब (लोहाचा पिवळेपणा दबतो), लगेच ०.५ टक्के डायफिनाइलकार्बाझाइड १ मिली. पीएच १ ते २ हवा. ५ ते १० मिनिटांत वाचा, पुढे रंग उतरतो. डायफिनाइलकार्बाझाइड विरघळवायला ॲसिटोनऐवजी इथेनॉल चालतं, स्टोव्हचं स्पिरिट नको. द्रावण तपकिरी झालं की फेका.

नमुना आम्ल घालून साठवू नका, क्रोमियम-६ चं ३ होऊन बसतं. थंड ठेवा, २४ तासांत तपासा. आणि काच क्रोमिक ॲसिडने धुवायची जुनी सवय? या कामात तीच घात करते.

पवनीकडचा : आणि एकूण?

काचनळी : अल्कलाइन पेरॉक्साइड, म्हणजे अल्कलीत हायड्रोजन पेरॉक्साइडने ३ चं ६ करायचं. गाळलेलं ५० मिली पाणी, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ११-१२, ३ टक्के पेरॉक्साइड ०.५ मिली, गरम करून २० मिनिटं उकळा. घाई इथंच नडते : पेरॉक्साइड उरलं तर आम्ल पडताच क्रोमियम-६ परत ३ होतं आणि आकडा खोटा कमी येतो. थंड करून ५० मिली करा, मग वरच्यासारखंच आम्ल आणि डायफिनाइलकार्बाझाइड घाला. आम्ल थोडं जास्त लागेल, पीएच कागदाने बघा. जड पाण्यात पांढरा गाळ बसतो, आम्लात विरघळतो, तो गाळून टाकू नका. एकूणातून क्रोमियम-६ वजा केलं की क्रोमियम-३. क्रोमाईटचे कण यात विरघळत नाहीत, हा आकडा फक्त पाण्यात उतरलेल्याचा.

नेसलर५० : ५० मिली नमुन्यात डायक्रोमेटचं दुसऱ्यांदा विरळ केलेलं द्रावण ०.५ मिली घालून पाहा. रंग ०.०५ मिग्रॅ/लिटरइतका वाढला नाही तर पाण्यातलं सेंद्रिय किंवा फेरस लोह क्रोमियम-६ खातंय. टाकाऊत चिमूटभर व्हिटॅमिन सी, मग चुना पीएच ८-९ पर्यंत; खाली बसलेला गाळ वेगळ्या बरणीत. नालीत नाही.