राष्ट्रकूट मराठी की कानडी? 'पळवले' म्हणणाऱ्यांसाठी

देवगिरीकर: परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं, "राष्ट्रकूट शंभर टक्के मराठी, कर्नाटकवाल्यांनी आपले राजे पळवले." दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. अहो, मान्यखेट म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातलं मळखेड, तिथे त्यांची राजधानी. राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या दरबारातला कविराजमार्ग हा ग्रंथ कन्नडमध्ये, आणि त्यात कन्नड मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितलाय. याच घराण्यातल्या तिसऱ्या कृष्णाचा शिलालेख पार मध्य प्रदेशात जुऱ्याला सापडला, तोही कन्नड. आता सांगा, कोणी काय पळवलं?

लातूरचा पोरगा: आणि 'लट्टलूरपुरवराधीश्वर', म्हणजे लट्टलूरचे स्वामी, हे त्यांचं बिरुद विसरलात? लट्टलूर म्हणजे आमचं लातूर. पहिल्या कृष्णाने कैलास वेरूळलाच कोरवला ना? आमच्या पुस्तकात या घराण्याला जेमतेम दीड पान होतं. म्हणून चीड येते.

देवगिरीकर: चीड मलाही येते. पण गाव आज महाराष्ट्रात म्हणून हजार वर्षांपूर्वीचा राजा मराठी होत नाही. उलटं बघा, 'श्रीचावुण्डराजें करवियलें' ही मराठी ओळ कर्नाटकात श्रवणबेळगोळला आहे. मग गंग राजांचा मंत्री चामुंडराय मराठी म्हणायचा का?

कृष्णाकाठची: भांडा तुम्ही. आमच्या गावात देवळामागे लेखाची शिळा होती. लहानपणी तिच्यावर बसून आम्ही चिंचा खायचो, खाचांत मीठ अडकायचं. जीर्णोद्धारात पोरांनी तिला हिरवा ऑइलपेंट मारला, दोन हात. आता अक्षर नाही, नुसता गुळगुळीत दगड. तो कन्नड होता की मराठी, कोण सांगणार?

लातूरचा पोरगा: ताई, विषय राष्ट्रकूटांचा चाललाय.

कृष्णाकाठची: हाच विषय आहे! तुम्ही ज्या लेखांच्या जोरावर भांडताय, ते असेच दगड आहेत.

ठसेवाला: ताई बरोबर बोलतात. मी लेखांचे ठसे घेतो. ओला कागद ब्रशने ठोकून खाचांत बसवायचा, वाळत आला की शाईचा बोळा फिरवायचा. खाच रंगाने बुजली की कागद बसणार कशात? एका गावात तर गुरवाने मला हाकललं, म्हणे गुप्तधन शोधायला आलात.

देवगिरीकर: मग गावकऱ्यांना शिव्या द्यायच्या का? कोण गेलं होतं त्यांना सांगायला? तुम्ही शहरातले लोक फोटो काढता आणि निघून जाता.

ठसेवाला: मी शहरातला? माझी आई अजून गावात शेणी थापते. तोंड सांभाळून बोला.

देवगिरीकर: चुकलं. मागे घेतो.

लातूरचा पोरगा: बरं, भाषेचं देवगिरीकरांचं मान्य, नाइलाजाने. पण अमोघवर्षाने प्रजेवरचं संकट टळावं म्हणून महालक्ष्मीला बोट कापून वाहिलं, असं संजाणच्या ताम्रपटात आहे, 871 सालच्या. त्याला परका म्हणवत नाही मला.

देवगिरीकर: परका कोण म्हणतंय? कानडी होता आणि आपल्याही मातीचा होता.

कृष्णाकाठची: ठसेवाले दादा, तो पेंट निघेल का?

ठसेवाला: तारेचा ब्रश आणि ॲसिड लावू नका, अक्षरंच जातील. आधी पुरातत्त्व खात्याला कळवा. मी दिवाळीनंतर येतो, गुरवाशी तुम्ही बोलून ठेवा.