मदत हवी आहे: जुन्या रेल्वे टर्नटेबलचं वजन हलवण्याआधी कसं काढायचं?

मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, पण अर्धवट माहिती दिली तर उत्तरंही अर्धवटच येतील म्हणून सगळं मांडतो.

आम्ही सहा जण मिळून एक जुनं टर्नटेबल वाचवायचा प्रयत्न करतोय. वाफेच्या इंजिनाचं तोंड फिरवायला गोल खड्ड्यात असायचं ते. जागा रिकामी करून द्यायची आहे, उचललं नाही तर ते तिथेच गॅसने कापून भंगारात जाणार, आणि ते आम्हाला होऊ द्यायचं नाहीये. क्रेनवाल्याला फोन केला तर त्याचा पहिलाच प्रश्न, वजन किती? आणि इथेच सगळं अडलंय. मेकरची प्लेट नाही, ड्रॉइंग नाही. आमच्यातला एक म्हणतो १५ टन, दुसरा म्हणतो ३५, आणि दोघंही नुसतं बघूनच सांगतायत.

मग मी टेप आणि व्हर्नियर घेऊन दोन रविवार खड्ड्यात उतरलो. लांबी १८ मीटर, दोन मेन गर्डर (लांब पोलादी तुळया), दोन्हीही ट्रॅकच्या खाली. मध्ये उंची दीड मीटर आणि टोकांकडे निमुळते होत जाऊन ७५ सेंटीमीटर. वेब, म्हणजे गर्डरचा मधला उभा पत्रा, १० मिमी. पोलादाचा १ मिमी जाडीचा १ चौरस मीटर पत्रा ७.८५ किलो भरतो, म्हणजे १० मिमीला ७८.५ किलो, सरासरी उंची १.१२५ मीटर धरली तर एका गर्डरचं वेब साधारण १५९० किलो. वरखाली मिळून १०० बाय १०० बाय १२ चे चार अँगल (L आकाराच्या पट्ट्या), मीटरला १७.८ किलो, ते झाले १२८० च्या आसपास. फ्लँजच्या (गर्डरच्या वरखालच्या आडव्या काठाच्या) प्लेटा २५० बाय १२, एक पूर्ण लांबीभर आणि दुसरी फक्त मधल्या १० मीटरवर, वरखाली दोन्हीकडे, त्या १३२० किलो. स्टिफनर (वेब ताठ ठेवणाऱ्या उभ्या पट्ट्या) ३००. असा एक गर्डर साडेचार टन, दोन मिळून ९.

पुढचं सगळं अंदाजपंचे. क्रॉस गर्डर (दोन गर्डरना जोडणाऱ्या आडव्या तुळया) आणि ब्रेसिंग २ टन. लाकडी स्लीपर ३०, प्रत्येकी शंभरेक किलो, म्हणजे ३ टन. रूळ मीटरला ४५ किलोचे, १.६ टन. मधला पिव्हट (ज्यावर सगळं फिरतं तो खुंटा) आणि त्यावरची बीडाची पेटी अडीच टन, टोकाची चाकं, त्यांचे ब्रॅकेट आणि हाताने फिरवायचा गिअर मिळून २ टन. बेरीज २० टनांच्या थोडी वर जाते.

प्रश्न असा की या २० टनांवर विसंबून क्रेन मागवायची का? माझ्या हातून काय सुटलंय? क्रेन ५० टनी आहे, तर एवढं डोकं खपवायची खरंच गरज आहे का? खाली माणसं उभी असणार, माझ्या आकड्याच्या भरवशावर. म्हणून कळकळीने विचारतोय.

प्रतिसाद:

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण धोका तिथे आहे. ५० टनी क्रेन म्हणजे ५० टन उचलते असं नाही हो. तो आकडा बूम अगदी जवळ असताना, तीनेक मीटर रेडियसचा (क्रेनच्या मध्यापासून हुकापर्यंतच्या आडव्या अंतराचा) असतो. तुमचा खड्डा १८ मीटरचा, म्हणजे काठापासून मध्यापर्यंतच ९ मीटर, त्यात क्रेन काठाला चिकटवून लावता येत नाही कारण आउटरिगरचा (क्रेनच्या बाजूला पसरणाऱ्या आधाराच्या पायांचा) दाब थेट खड्ड्याच्या भिंतीवर येऊन भिंत आत ढासळू शकते. म्हणजे रेडियस १४ मीटरच्या घरात गेला, आणि तिथे तीच क्रेन मूळ आकड्याच्या छोट्याशा हिश्श्यावर येते. लोड चार्टमध्ये त्या रेडियसचा आकडा बघा. त्यातून हुक ब्लॉक, स्प्रेडर बीम (हुकाखाली टांगायची आडवी तुळई), स्लिंग (उचलायचे दोर), शॅकल (जोडायच्या कड्या) यांचं वजनही वजा जातं.

हिशोब चांगला मांडलाय, पण रिव्हेटची डोकी धरलेली दिसत नाहीत. रिव्हेट मारलेल्या कामात त्यासाठी ३ ते ५ टक्के वाढवायचे. आणि प्लेटांची जाडी कडेला मोजलीत का? दोन प्लेटांच्या फटीत गंज फुगतो आणि त्या एकमेकींपासून सुटतात, मग ३ प्लेटा आहेत का २ प्लेटा आणि गंज हे बाहेरून कळत नाही. एखाद्या ठिकाणी वायर ब्रशने पार चकचकीत करून कड बघा, प्रत्येक प्लेटची रेघ वेगळी दिसेल. मात्र जुन्या रंगात शिसं असणार हे धरूनच चाला, मास्क लावून आणि पाणी मारून घासा.

प्रतिसाद:

स्लीपर आणि रूळ आधीच काढा. साडेचार टन तिथेच कमी होतात आणि खालचं सगळं उघडं पडतं. पिव्हटचा खालचा भाग फाउंडेशनला बोल्टने धरलेला असतो, तो गर्डरबरोबर उचलला जात नाही, त्याला वेगळा मोजा.

आणि एक गोष्ट फार महत्त्वाची. वर्षानुवर्षं बसून राहिलेलं टर्नटेबल पिव्हटवर गंजून चिकटलेलं असतं. क्रेनने ओढून ते सोडवायला जाल तर सुटायच्या क्षणापर्यंत क्रेनवर वजनाच्या किती पट ताण येईल सांगता येत नाही, आणि सुटलं की झटका बसतो. आधी जॅकने सोडवून पॅकिंगवर (आधाराच्या ठोकळ्यांवर) घ्या, मगच क्रेन. आणि जॅक लावणारच आहात तर वजनही त्याच जॅकवर करून टाका ना!

पद्धत सोपी आहे. हायड्रॉलिक जॅकचा दाब बारमध्ये गुणिले रॅमचं (जॅकच्या दट्ट्याचं) क्षेत्रफळ चौरस सेंटीमीटरमध्ये, गुणिले १.०२, उत्तर किलोत. गर्डर पिव्हटवरून मोकळा करून दोन्ही टोकांना पॅकिंगवर ठेवा, मग एक टोक जेमतेम सुटेल एवढंच उचला, दाब लिहा, खाली ठेवा, दुसरं टोक. गर्डर जवळजवळ सपाट राहिला तर दोन्हींची बेरीज म्हणजे पूर्ण वजन. जॅक नेहमी स्टिफनरच्या बरोबर खाली, मध्येच कुठेतरी लावलात तर फ्लँज वाकेल. सीलच्या घर्षणामुळे चढताना दाब जास्त दिसतो, उतरताना कमी, म्हणून दोन्ही लिहून सरासरी घ्या. आणि गेज! पंपावर बहुतेक ७०० बारचा असतो, तुमचा दाब येणार साठ-सत्तर बार. एक टक्का चुकणारा गेज असेल तरी तो पूर्ण मापाचा एक टक्का, म्हणजे ७ बार, सरळ दहा टक्क्यांची चूक. शंभर बारचा गेज लावा, दाब त्याच्या पुढे जाऊ नये एवढं सांभाळा.

धागाकर्ता, अपडेट:

सगळ्यांचे मनापासून आभार, शनिवारी वजन झालं. रूळ-स्लीपर काढून, प्रत्येक स्लीपरला नंबर टाकून बाजूला रचले. पिव्हट सोडवायला पूर्ण सकाळ गेली. आदल्या दिवशीपासून तेल सोडत होतो तरी हलेना, शेवटी जॅकवर दाब धरून ठेवला आणि कोणीही हात न लावता तासाभराने एक खणखणीत आवाज झाला, मध्ये केसाएवढी फट दिसली. तेव्हा खरंच कळलं की हे क्रेनवर सोडलं असतं तर काय झालं असतं.

प्रत्येक टोकाला ५० टनी दोन जॅक, एकाच पंपावर, रॅम ७१.२ चौरस सेंटीमीटर. पहिलं टोक चढताना ६२ बार, उतरताना ५८, म्हणजे ८.७ टन. दुसरं टोक सरासरी ६६, म्हणजे ९.६. एकूण १८.३ टन, आणि हे रूळ-स्लीपर काढल्यावर! माझ्या हिशोबाने रिव्हेट धरूनसुद्धा १६ यायला हवे होते.

मग फरक शोधत बसलो. क्रॉस गर्डर मी पाच मोजले होते, निघाले सात, दोन टोकांकडच्या फळ्यांखाली लपलेले. आणि बीडाच्या पेटीत हात घातला तर कोपरापर्यंत चिखल, ग्रीस आणि कोळशाचा चुरा असा घट्ट बसलेला की खुरप्याने खरवडावा लागला, ३० सेंटीमीटर जाडीचा थर, म्हणजे सहाशे-साडेसहाशे किलो सहज. जड टोक गिअरच्या बाजूचं आहे हे नंतर लक्षात आलं.

जॅकमधलं अंतर १६ मीटर होतं, त्यावरून गुरुत्वमध्य मध्यापासून साधारण ४० सेंटीमीटर गिअरच्या बाजूला येतोय. हुक तिथेच धरायचा, बरोबर ना? आणि स्लिंगचा कोन आडव्यापासून ६० अंश ठेवला तर एका पायावर साडेदहा टनांच्या आसपास येतात, ३० वर आणला तर पुरे १८, म्हणून उंची मिळेल तेवढी घेणार आहोत.

प्रतिसाद:

गुरुत्वमध्य बरोबर काढलाय, पण चिखल काढून झाल्यावर दोन्ही टोकं परत एकदा मोजा. आणि स्लिंग थेट गर्डरला बांधू नका, तिरप्या ओढीने लांब बारीक फ्लँज दाबली जाऊन आडवी लचकते. स्प्रेडर बीम घ्या म्हणजे गर्डरवर ओढ सरळ उभी येईल. आधी १० सेंटीमीटर उचलून पाच मिनिटं तसंच धरा, क्रेनच्या डिस्प्लेवरचा आकडा स्प्रेडर वगैरे वजा करून तुमच्या जॅकच्या आकड्याशी जुळतो का बघा. जुळला नाही तर खाली ठेवा.

धागाकर्ता:

चिखल काढून परत मोजलं, १७.७ टन. क्रेनवाल्याला २० टन अधिक स्प्रेडर असं लेखी दिलंय, १४ मीटर रेडियसच्या चार्टसकट. त्याने चार्ट बघून ५० टनी क्रेन स्वतःच रद्द केली, मोठी पाठवतोय.